उपाशी आतडं आणि छेदातला घोळ

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं पहिलं प्रगती-सादरीकरण होतं. समितीसमोर मी मोठ्या उत्साहाने एक आलेख लावला. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांचं आतडं ग्लुकोज जास्त वेगाने शोषून घेतं, असं तो आलेख सांगत होता. स्तंभ उंच, त्रुटीदंड आखूड, वर एक चांदणी. अजून काय पाहिजे?

बाहेरून आलेल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "जास्त म्हणजे कशाच्या मानाने?"

"ग्रॅममागे, मॅडम. आतड्याच्या दर ग्रॅममागे."

"अगं, पण उपाशी उंदराचा ग्रॅमच बदललाय ना? सेंटीमीटरमागे किती येतं? तुकड्यांची लांबी किती होती?"

लांबी मी मोजलीच नव्हती. तुकडे वजन करून, ठेचून, नळ्यांमध्ये भरून झाले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी जुने पेपर काढून बसले. दोन-तीन आठवडे वाचल्यावर लक्षात आलं की हा घोळ माझा एकटीचा नाही. उपासाने आतड्याचं काम वाढतं की घटतं, आणि पिल्लात नि प्रौढात ते सारखंच होतं का, या प्रश्नाचा जवळजवळ सगळा इतिहासच 'कशाच्या मानाने' या दोन शब्दांभोवती फिरतो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर हा इतिहास आत्ताच वाचा. मी उशिरा वाचला.

(एक खुलासा: खाली 'उंदीर' म्हणजे रॅट. माउस असेल तिथे माउसच लिहिलंय.)

वजनकाट्याचा काळ

वय आणि उपास यांचं नातं माणसाला फार आधीपासून माहीत आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक सूत्रांमध्ये म्हटलंय की म्हाताऱ्यांना उपास सगळ्यात सोपा जातो, मग प्रौढांना, मग तरुणांना. आणि सगळ्यात कमी सोसतो तो मुलांना, त्यातही चळवळ्या मुलांना. हे निरीक्षण होतं, मोजमाप नव्हतं.

मोजमाप आलं ते 19व्या शतकात. जिनिव्हाच्या शार्ल शोसा याने 1843 मध्ये उपासमारीवरचा आपला मोठा प्रायोगिक अभ्यास प्रसिद्ध केला. कबुतरं, पारवे आणि इतर प्राणी उपाशी ठेवून तो रोज त्यांचं वजन करायचा. ढोबळमानाने शरीराचं 40 टक्के वजन गेलं की प्राणी मरतो, हा त्याचा निष्कर्ष पुढे बराच काळ सांगितला गेला. पण आपल्या कामाची गोष्ट दुसरी आहे. कोवळे पक्षी लवकर मेले, आणि मरताना त्यांचं गेलेलं वजनही प्रौढांपेक्षा कमी होतं. म्हणजे पिल्लू ही प्रौढाची छोटी आवृत्ती नसते, हे तेव्हाच दिसलं होतं. त्याचे तास वेगळे आणि त्याचा साठाही वेगळा.

मग 1866 मध्ये म्युनिकच्या कार्ल फॉन फॉइटने विचारलं, की वजन घटतं ते नेमकं कुठून? त्याने दोन सारखी मांजरं घेतली. दोघांना काही दिवस सारखंच खायला घातलं. एकाचे अवयव लगेच तोलले, दुसऱ्याला 13 दिवस उपाशी ठेवून मग तोलले. चरबी 97 टक्के गेली होती. यकृत 54 टक्के, स्नायू 31 टक्के, आतडं 18 टक्के. मेंदू आणि हृदय जेमतेम 3 टक्के.

हा तक्ता शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत कित्येक दशकं छापला जात होता. आता तो संशोधकाच्या नजरेने बघा. उपाशी मांजराचं आतडं आधी केवढं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते दुसऱ्या मांजरावरून धरलेलं आहे. म्हणजे 'घट' हा आकडा खरं तर दोन प्राण्यांमधला फरक आहे. फॉइटने निदान दुसरं मांजर सारखं निवडायची काळजी घेतली होती. आणि 18 टक्के वाचून वाटतं, की आतडं बऱ्यापैकी वाचलं. पुढे शंभरेक वर्षांनी, 1968 मध्ये, स्टाइनर आणि सहकाऱ्यांनी उपाशी उंदरांच्या लहान आतड्याची घडण थरांनिशी तपासली. तिथे चित्र वेगळं निघालं: एकूण शरीराच्या मानाने आतडं जास्त वेगाने झिजत होतं, आणि त्यातही आतला शोषण करणारा थर, म्हणजे म्युकोसा, आघाडीवर होता.

रोज नवं होणारं अस्तर

असं का व्हावं, याचं उत्तर मधल्या काळात मिळालं होतं. 1948 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शार्ल लब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी दाखवलं, की उंदराच्या लहान आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं. कॉल्चिसीन देऊन विभाजनाच्या मधोमध थांबलेल्या पेशी मोजायच्या आणि त्यावरून हिशेब मांडायचा, अशी त्यांची रीत होती. हिशेब आला सुमारे दीड दिवसाचा. नंतर किरणोत्सारी थायमिडीन वापरून तो दोन-तीन दिवसांपर्यंत गेला, पण मूळ मुद्दा टिकला.

चित्र डोळ्यांसमोर आणा. आतड्याच्या आत बोटांसारखे उंचवटे असतात, ते व्हिलस. त्यांच्या बुडाशी खड्डे असतात, ते क्रिप्ट. नवी पेशी क्रिप्टमध्ये जन्मते, व्हिलसवर चढत जाते, चढता चढता शोषणाचं काम शिकते आणि टोकाला पोचून गळून पडते. सरकता जिनाच म्हणा ना. एवढा जिना चालू ठेवायला रोज प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. अन्न थांबलं की पहिली काटकसर इथेच होते.

1958 मध्ये हूपर आणि ब्लेअर यांनी उंदराच्या ड्युओडेनममध्ये, आणि 1963 मध्ये ब्राउन, लेव्हिन आणि लिपकिन यांनीही हेच तपासलं. उपासात नव्या पेशी कमी जन्मतात आणि जिनाही मंदावतो. व्हिलस आखूड होतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जिना मंदावला तर व्हिलसवर उरलेल्या पेशी सरासरीने जास्त जुन्या असतात. जुन्या म्हणजे निकामी नव्हे. आतड्याच्या पेशीच्या बाबतीत जुनी म्हणजे कामात मुरलेली.

वाढतं की घटतं?

आतापर्यंत सगळं वजनाचं आणि आकाराचं झालं. काम कसं मोजायचं? 1954 मध्ये विल्सन आणि वाइझमन यांनी एक साधी, सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. आतड्याचा तुकडा काचेच्या कांडीवर मोजा उलटावा तसा उलटा करायचा, म्हणजे शोषणारी बाजू बाहेर येते. दोन्ही टोकं बांधून आत थोडा द्रव भरायचा आणि ती पिशवी ऑक्सिजन दिलेल्या द्रावणात ठेवायची. बाहेरची साखर आत किती गेली ते मोजायचं. आजही आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांत ही 'उलटी पिशवी' वापरतात. माझी पहिली मोजणीही तिच्यावरच होती.

यानंतर उपासाचे प्रयोग धडाधड सुरू झाले आणि निकाल एकमेकांशी भांडू लागले. 1960 मध्ये कर्शॉ, नीम आणि वाइझमन यांना अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत शोषण वाढलेलं दिसलं. शेफिल्डमध्ये स्मिथ यांच्या विभागात 1965 मध्ये लेव्हिन आणि न्यूई यांच्यासोबत, आणि 1970 मध्ये न्यूई आणि सॅनफर्ड यांच्यासोबत, उपासाचा परिणाम पुन्हा पुन्हा तपासला गेला. 1975 मध्ये डेब्नम आणि लेव्हिन यांनी जिवंत प्राण्यातच मोजमाप केलं. पूर्ण उपास आणि अर्धपोट या दोन अवस्था वेगळ्या ठेवल्या, आणि पेशीने ऊर्जा खर्चून ओढलेली साखर व आपोआप झिरपलेली साखर असे दोन हिशेबही वेगळे मांडले.

एवढा खटाटोप का? एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी.

खाल्लेल्या उंदराचा 10 सेंटीमीटरचा तुकडा 1 ग्रॅम भरतो आणि तासाला 20 एकक साखर शोषतो. उपाशी उंदराचा तेवढाच तुकडा 0.6 ग्रॅम भरतो आणि 15 एकक शोषतो. आता भागाकार करा. सेंटीमीटरमागे 2 वरून 1.5: शोषण घटलं. ग्रॅममागे 20 वरून 25: शोषण वाढलं. मोजमाप एकच, प्राणी तेच, आणि दोन पेपरांचे मथळे परस्परविरोधी!

शाळेत आपण शिकलो होतो की छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो. माझ्या आलेखावरची चांदणी बहुतेक तेवढंच सांगत होती.

'बहुतेक' म्हणतेय, कारण ग्रॅममागची वाढ दर वेळी खोटी नसते. मघाशी सांगितलं तसं, उरलेल्या पेशी मुरलेल्या असतील तर दर पेशीमागे काम खरंच वाढू शकतं. मग चार वेगळे प्रश्न तयार होतात. पेशी किती काम करते? सेंटीमीटर किती करतो? अख्खं आतडं किती करतं? आणि प्राण्याच्या गरजेच्या मानाने ते पुरतं का? चौघांची उत्तरं वेगवेगळी आली तरी चौघंही खरी असू शकतात. फक्त आपण कुठलं उत्तर देतोय ते सांगितलं पाहिजे.

पिल्लांकडे वळताना

प्रौढात एवढा घोळ, तर पिल्लात विचारूच नका. प्रौढाचं आतडं निदान स्थिर असतं. पिल्लाचं दर दिवशी बदलतं.

या विषयात ओटाकर कोल्डोव्स्की हे नाव तुम्हाला वारंवार भेटेल. प्रागमध्ये काम सुरू करून नंतर अमेरिकेत गेलेल्या या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आतड्याच्या वाढीचा अभ्यास आयुष्यभर केला. 1969 मध्ये त्याचं सस्तन प्राण्यांच्या लहान आतड्याच्या विकासावरचं पुस्तक आलं. उंदराचं दूधपितं पिल्लू घ्या. त्याच्या आतड्यात दुधाची साखर फोडणारं लॅक्टेज भरपूर असतं आणि सुक्रेज जवळजवळ नसतंच. तिसऱ्या आठवड्यात, दूध सुटायच्या सुमारास, पारडं फिरतं: लॅक्टेज उतरतं, सुक्रेज चढतं.

आता समजा तुम्ही या वयाचं पिल्लू आईपासून दूर करून उपाशी ठेवलं आणि सुक्रेज मोजलं. ते वाढलेलं दिसेल. निष्कर्ष काय लिहाल? 'उपासाने सुक्रेज वाढतं'?

थांबा. 1964 मध्ये डोएल आणि क्रेचमर यांनी दाखवलं होतं, की हायड्रोकॉर्टिसोन टोचलं तर पिल्लात सुक्रेज वेळेआधीच येतं. हे अधिवृक्क ग्रंथीच्या ताणाच्या संप्रेरकाच्या कुळातलं. मग 1980 मध्ये बॉइल आणि कोल्डोव्स्की यांनी वेळेआधी दूध तोडलेल्या पिल्लांवर नेमका प्रयोग केला. सुक्रेजच्या अकाली वाढीत अधिवृक्क ग्रंथींचा वाटा निर्णायक निघाला, आणि पिल्लाने किती खाल्लं याचा परिणाम नगण्य. आपण ज्याला अन्नाचा परिणाम म्हणून लिहिलं असतं, तो खरं तर आईपासून तुटण्याचा परिणाम होता. दूधपित्या पिल्लाचं अन्न काढून घ्यायचं, तर त्याच्यासोबत ऊब, चाटणं, आईचा सहवास हे सगळंच जातं. यावर कुठला भागाकार उपयोगी नाही. इथे तुलनेचा गटच बदलावा लागतो.

दुसरं उदाहरण एल्सी विडोसन यांचं. 1976 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या डुकराच्या पिल्लांचे पहिले 24 तास तपासले. काहींना आईचं दूध मिळालं, काहींना नुसतं पाणी. एका दिवसात दूध प्यायलेल्यांचं आतडं भराभर वाढलं. पाण्यावरच्यांचं तसं वाढलं नाही. दोन्ही गटांतला फरक मोठा आहे, पण त्याला 'उपासाने आतडं झिजलं' म्हणता येईल का? जे अजून वाढलंच नव्हतं, ते झिजेल कसं? म्हणून पिल्लांच्या प्रयोगात तिसरा गट लागतो: प्रयोग सुरू होतानाच तपासलेला. तो असेल तरच झीज आणि थांबलेली वाढ वेगळी काढता येते. फॉइटच्या पहिल्या मांजराची आठवण झाली ना? तेच.

हे एवढं कशाला महत्त्वाचं?

प्रयोगशाळेबाहेर बघा. तान्ह्या बाळाला जुलाब लागले की 'आतड्याला विश्रांती द्या, काही देऊ नका' हा सल्ला डॉक्टरांच्या जगातही दीर्घकाळ रूढ होता. आपल्याकडे घराघरांत लंघनाचं नाव घेऊन तो आजही दिला जातो. मोठ्या माणसाला एक वेळचं जेवण सोडल्याने फारसं बिघडत नाही, आणि नेमका तोच अनुभव आपण बाळाला लावतो.

1948 मध्ये, म्हणजे लब्लाँचा पेपर आला त्याच वर्षी, चुंग आणि विस्कोरोव्हा यांनी जुलाब झालेल्या बाळांचे दोन गट तपासले: एकाला लवकर खाऊ घातलं, दुसऱ्याला आधी उपाशी ठेवलं. लवकर खाऊ घालण्याने नुकसान झालं नाही. जुलाब चालू असतानाही आतडं बरंच काही शोषत होतं, आणि उपाशी ठेवण्याचा फायदा दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: जलसंजीवनी द्या, झिंक द्या, आणि अंगावरचं दूध व खाणं चालू ठेवा. शौचाचं प्रमाण हा छेद धरला तर उपास बरा वाटतो, कारण न खाल्ल्यावर शौच कमी होणारच. बाळाच्या अंगी किती लागलं हे धरलं तर हिशेब उलटतो. छेद चुकला की माझा आलेख पडतो, हे ठीक आहे. इथे बाळाचा जीव जातो.

आत्ताचं चित्र

हा विषय संपलेला नाही. स्ट्रासबुर्गमधल्या ल माओ यांच्या गटाने दीर्घ उपासाचे टप्पे आधी पक्ष्यांत आणि मग उंदरांत मांडले. शेवटच्या टप्प्यात, चरबी संपत येऊन प्रथिनं जळू लागतात तेव्हा, उंदराच्या आतड्यातलं पेशीविभाजन पुन्हा सुरू होतं, असं हाबोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये नोंदवलं. जणू आतडं पुढच्या घासाची तयारी करून ठेवतं. म्हणजे उपासाचा परिणाम एकाच दिशेने जाणारी सरळ रेषा नाही. तुम्ही कितव्या दिवशी मोजलंत त्यावर उत्तर ठरतं.

2018 मध्ये एमआयटीमधल्या मिहायलोव्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की 24 तासांच्या उपासाने माउसच्या आतड्यातल्या मूळपेशी चरबी जाळू लागतात आणि त्यांची नवनिर्मितीची क्षमता वाढते. तरुण आणि वयस्क दोन्ही माउसमध्ये. 2024 मध्ये तिथूनच आणखी एक पेपर आला: मूळपेशींचा खरा जोर उपासानंतर पुन्हा खायला दिल्यावर येतो, आणि त्या काळात कर्करोगाला कारण ठरणारा बदल घडवला तर गाठींचा धोकाही वाढतो.

इथे एक शब्द जपून वाचा. या पेपरांतला 'तरुण' माउस काही महिन्यांचा असतो. कोल्डोव्स्कीच्या भाषेत तो पूर्ण प्रौढ. वार्धक्यावरच्या संशोधनात 'यंग' म्हणजे प्रौढ, विकासावरच्या संशोधनात 'यंग' म्हणजे दूधपितं. दोन्ही प्रकारचे पेपर एकाच परिच्छेदात शेजारी ठेवून 'लहान प्राण्यांमध्ये असं होतं' लिहिणारे सिनॉप्सिस मी पाहिलेत. माझाही त्यातलाच होता.

लिहायला बसण्याआधी

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता पाच प्रश्न आहेत. हवे तर उतरवून घ्या.

1. भागायचं कशाने? वजन, लांबी, प्रथिन, डीएनए, अख्खं आतडं. निदान दोन छेद प्रयोगाआधी ठरवा, आणि कच्चे आकडे सगळे लिहून ठेवा. लांबी मोजायला अर्धं मिनिट लागतं.

2. तुलना कुणाशी? पिल्लं असतील तर सुरुवातीच्या वेळचा गट हवाच. आईपासून दूर ठेवलेला पण पोट भरलेला गट जमेल का, तेही बघा.

3. किती तास, आणि कुठले? उंदीर मुख्यतः रात्री खातात. सकाळी सुरू केलेला 12 तासांचा उपास आणि रात्री सुरू केलेला 12 तासांचा उपास एक नव्हे. पिल्लाचे 24 तास आणि प्रौढाचे 24 तास तर नाहीच. तासांबरोबर गेलेलं वजनही टक्क्यांत द्या.

4. प्राणी खरंच उपाशी आहे का? उंदीर स्वतःची लेंडी खातात, पिंजऱ्यातला भुसाही कुरतडतात. जाळीचा तळ नसेल तर तुमचा प्रयोग म्हणजे 'एकादशी आणि दुप्पट खाशी'.

5. 'लहान' म्हणजे किती दिवसांचं? दिवसात लिहा. विशेषणात नको.

माझ्या पहिल्या मोजणीत बारा उंदीर गेले. लांबी नसल्यामुळे ते आकडे ना वाढीच्या बाजूने वापरता आले, ना घटीच्या. नंतर नवीन गटांसाठी प्राणी-नैतिकता समितीकडे पुन्हा अर्ज केला. 'आधीचे प्राणी का पुरले नाहीत' या रकान्यात काय लिहावं यावर दोन दिवस घालवले, आणि शेवटी जे खरं होतं ते लिहिलं: लांबी मोजली नव्हती.

नव्या मोजणीत दोन्ही छेद घेतले. सेंटीमीटरमागे घट आली आणि ग्रॅममागे थोडी वाढ. दोन्ही स्तंभ आता शेजारी शेजारी लावलेत आणि खाली कशाने भागलंय ते ठळक लिहिलंय. पुढच्या सादरीकरणाला त्याच मॅडम आल्या तर त्या नवीन काहीतरी विचारतीलच. पण हा प्रश्न नाही विचारणार.